सिस्टर हॅटी डावीकडे बसते

१७ ऑगस्ट १९७०, सोमवार

अर्लीन म्हणाली, "घरात नुसता धुमसत बसतोस. बायकोशी बोलायचं नसेल तर वहीशी बोल." म्हणून हे लिहिणं. वही कसली, मिल रोड शाळेचं कोरं हजेरीपत्रक. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी कपाटातून उचलून आणलं. बावीस वर्षांत मी खडूचा तुकडासुद्धा घरी आणला नव्हता.

शाळा बंद केली असं कुणी म्हणत नाही. "एकत्र केली" म्हणतात. गोऱ्यांचं केंडल हायस्कूल आणि आमची काळ्यांची मिल रोड, दोन्ही शाळा एक झाल्या. एक झाल्यावर त्यांची पाटी राहिली आणि आमची उतरली. मी तिथे गणित शिकवायचो आणि फुटबॉलचा मुख्य कोच होतो. इथे मी दुय्यम कोच आहे आणि पोरांना मोटार चालवायला शिकवतो.

आज पहिला सराव. मुख्य कोच हार्लन स्टब्ज हातात फळी घेऊन एकेका पोराला त्याची जागा विचारत होते. आमचा ओडेल मॅक्रे पुढे झाला.

"क्वार्टरबॅक, सर."

स्टब्जनी मान वर न करता लिहिलं, 'टोकाचा खेळाडू'.

मी नंतर त्यांना बाजूला गाठलं. "कोच, हा पोरगा तीन वर्षं क्वार्टरबॅक आहे. एकवीस सामने जिंकलेत त्यानं."

"कुणाविरुद्ध, वेंडेल?"

त्यांनी फळीवर पुढचं नाव लिहिलं.

"हे बघ, हात चांगले आहेत त्याचे. पाय तर हरणाचे. टोकाला पळू दे, चेंडू झेलू दे. क्वार्टरबॅकला डोकं लागतं. तू गणिताचा माणूस, तुला मी काय सांगायचं."

मला सांगायची गरज नव्हतीच. चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. पळायचं, कुणाला द्यायचा की लांब फेकायचा, हे अंगावर पाच माणसं धावून येत असताना त्यानं ठरवायचं. ओडेल मॅक्रेइतकं चटकन ठरवणारं डोकं मी वर्गात पाहिलं नाही आणि मैदानावरही नाही. हे तोंडावर बोलायला हवं होतं. बोललो नाही. घरी येऊन अर्लीनला बोललो, ती म्हणाली, "मला पटवून काय उपयोग?"

२० ऑगस्ट, गुरुवार

माझी हिरवी वही सापडत नाही. मिल रोडचे सगळे डाव त्यात काढलेले आहेत, बुटाच्या नाडीनं बांधलेली वही. पलंगाखाली पाहिलं, गाडीत पाहिलं. अर्लीन म्हणाली, "मला काय माहीत? मी तुझ्या वह्या वाचते का?" आणि लगेच भाजी चिरायला लागली. भाजी कालच चिरून ठेवलेली होती.

त्या वहीत आकडे नाहीत. केंडलमध्ये डावांना आकडे असतात, अठ्ठावीस, चौतीस. आमच्याकडे डावांना माउंट ऑलिव्ह चर्चमधल्या माणसांची नावं होती. पहिल्या वर्षी पोरांना आकडे लक्षात राहीनात, तेव्हा मी वैतागून म्हणालो होतो, "अरे, मिसेस व्हर्नन पर्स घेऊन गर्दीतून कशी सरळ घुसते, तसं घुसा!" पोरं घुसली. तेव्हापासून नावंच पडली. डीकन प्रॉक्टरची प्रार्थना संपली असं वाटून लोक उभे राहतात आणि तो पुन्हा 'आणि हे प्रभो' म्हणून सुरू करतो. तो आमचा उशिरा फेकायचा डाव.

आणि सगळ्यांत लाडकी सिस्टर हॅटी पूल. सिस्टर हॅटी चर्चमध्ये शिरते ती उजव्या बाजूनं. सगळ्यांशी हात मिळवत जाते, उजवीकडचे सगळे तिच्यासाठी सरकून जागा करतात. मग ती शांतपणे वळते आणि डावीकडे खिडकीशी जाऊन बसते. डावही तसाच. अख्खा संघ उजवीकडे धावतो, क्वार्टरबॅकही धावतो, समोरचे सगळे तिकडे सरकतात. डावीकडे एक जण रेंगाळत चालत असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. क्वार्टरबॅक अचानक थांबतो, वळतो आणि चेंडू त्याला फेकतो. थांबायचं कधी ते फक्त त्यालाच ठरवता येतं. एक क्षण लवकर थांबला तर डाव फुटला, एक क्षण उशीर झाला तर तोच आडवा.

हे डाव ओडेलकडून मी हजारदा करून घेतलेत. आता तो टोकाला उभा राहून दुसऱ्याची वाट बघणार.

५ सप्टेंबर, शनिवार

काल पहिला सामना. मैदानाच्या कडेला उंचावर एक लाकडी खोली आहे, तिथे रेडिओवाला आणि पेपरवाले बसतात. दुय्यम कोचनं तिथून खेळ बघायचा आणि टेलिफोनवर खाली स्टब्जना सांगायचं. मला म्हणाले, आत जागा नाही, तू छपरावर बस. आत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मी गणिताचा माणूस, मोजल्या.

छपरावर घडीची खुर्ची, मांडीवर फोन, वायर खाली गेलेली. खालून अर्लीननं हात केला. मी केला नाही, लाज वाटली.

एक मात्र खरं, छपरावरून मैदान कागदावर काढल्यासारखं दिसतं. बावीस वर्षं मी रेषेवर उभा राहून खेळ पाहिला, पोरांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या.

क्वार्टरबॅक ड्वाइट टॅलमेज. त्याचा बाप मोटारी विकतो आणि मैदानाच्या दिव्यांचे पैसे देतो. पोरगा वाईट नाही. पायांनी फार चपळ, नाचल्यासारखा हलतो, पण चेंडू हातात आला की गांगरतो. ओडेलनं त्याचे वेडेवाकडे सात चेंडू झेलले. कसेबसे जिंकलो.

१२ सप्टेंबर, शनिवार

काल दुसऱ्या भागात ड्वाइटच्या मनगटावर दोघं पडले. तो हात धरून बाहेर आला. स्टब्जनी बाकाकडे पाहिलं, मग वर छपराकडे पाहिलं. फोन वाजला.

"तुझा पोरगा पाच मिनिटं संभाळेल का?"

मी म्हणालो, "पाच वर्षं संभाळेल."

ओडेल आत गेला तेव्हा गोऱ्यांच्या बाजूला एकदम शांतता पसरली. आमच्या बाजूला मिल रोडची जुनी माणसं उभी राहिली. त्याची आजी मिस ओरा ली गुडघ्यांमुळे कधी उठत नाही, ती पण उभी.

इथे डाव क्वार्टरबॅक ठरवत नाही. स्टब्ज दर वेळी एका खेळाडूच्या कानात आकडा सांगून त्याला आत पाठवतात, तो निरोप पोचवतो. ओडेलनं सगळे निरोप पाळले. शेवटचा तेवढा पाळला नाही. निरोप होता सरळ घुसायचा, आणि समोर सात जण भिंत करून उभे होते. त्यानं बाजूनं फेकला. गुण मिळाला, सामना जिंकलो.

आज सकाळी स्टब्जनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. "हे तू शिकवलंस."

"नाही, कोच."

"माझा निरोप पोरानं पुन्हा बदललेला दिसला, तर पोरगं बाकावर आणि शिकवणारा घरी. कळलं, वेंडेल?"

"हो, कोच."

मी हे ओडेलला सांगितलं. एकेक शब्द सांगितला, म्हणजे त्यानं माझ्यासाठी तरी नीट राहावं. तो खूप वेळ बुटाची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "शिकवणारा घरी, असं म्हणाले?"

"असंच."

"बरं, कोच."

२९ सप्टेंबर, मंगळवार

चार जिंकले, एकही हरलो नाही. ड्वाइटचं मनगट प्लास्टरमध्ये आहे. गावात मात्र जिंकल्याचा आनंद आहे की सुतक, ते कळत नाही. मिस्टर टॅलमेज सरावाला येऊन गाडीतून उतरत नाहीत, काच खाली करून बघतात. स्टब्जना पत्रं येतात, ते दाखवत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "माझी बायको म्हणते किराणा दुसऱ्या गावाहून आणू या." बिचारे, असं मनात आलं. मग वाटलं, मी आयुष्यभर किराणा मागच्या दारानंच आणलाय.

८ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवार आला की जीव कासावीस होतो. आमचे सामने गुरुवारी असायचे. शुक्रवार गोऱ्यांचा. मैदान एकच, आदल्या दिवशी आम्हाला मिळायचं. दुपारपासून मिल रोडवर मासे तळल्याचा वास सुटायचा, न्हाव्याच्या दुकानावर 'सामन्याला गेलोय' अशी पाटी लागायची. बँड गिरणीपासून निघायचा आणि सरळ चालायचं सोडून नाचतच यायचा. सिस्टर हॅटी पुढच्या रांगेत छत्री घेऊन बसायची, पंचाला छत्रीनं दम द्यायची. आपल्या नावाचा डाव आहे हे तिला आजतागायत माहीत नाही. आम्हाला सांगायची छाती झाली नाही.

आमच्याकडे चेंडू जुने होते, पोरांचे बूट केंडलनं टाकलेले होते. पण मैदानात काय करायचं ते आमचं आम्ही ठरवत होतो. मी ओडेलला फक्त एवढंच म्हणायचो, "तुला दिसतंय, मला नाही. तू सांग."

आज ते मैदान असेल तिथेच आहे आणि मी छपरावर आहे.

१२ ऑक्टोबर, सोमवार

काल चर्चनंतर मिल रोडवरून गाडी नेली. नसती नेली तर बरं. शाळेच्या मागच्या मैदानातलं गवत तुडवलेलं, चिखलात टायरचे माग. फाटकाशी टॅलमेजच्या दुकानाची मालवाहू गाडी उभी. आता ती जागाही विकत घेणार असतील, मोटारी लावायला. मी थांबलो नाही. अर्लीनला सांगितलं तर म्हणाली, "थांबून बघायचंस की." बायकांना काय, त्यांना कुठेही थांबवतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आज माझं डोकं फिरलं आहे, अक्षर वाईट येईल.

बाजारात सिस्टर हॅटी रताळी निवडत होती. एक्याऐंशी वर्षांची बाई. समोरून केंडलची तीन गोरी पोरं आली, पुढे ड्वाइट टॅलमेज. प्लास्टर उतरलंय. त्यानं टोपी काढून कमरेत वाकून म्हटलं, "नमस्कार, सिस्टर हॅटी. आज कुठल्या बाजूला बसणार?" मागचे दोघे फिस्सकन हसले.

ती बिचारी म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाळ. तू कुणाचा?"

म्हणजे ओडेलनं सांगितलं. आमची नावं, आमची माणसं, आमचं चर्च. बुधवारी सरावातही लाल केसांचा हचिन्स कुणाला तरी 'डीकन, डीकन' करत होता, मी लक्ष दिलं नव्हतं. मी ज्या गोष्टी जीव लावून जपल्या त्यांची या पोरानं गोऱ्यांत बसायला जागा मिळावी म्हणून खिरापत वाटली.

१९ ऑक्टोबर, सोमवार

सरावानंतर ओडेलला सामानाच्या खोलीत थांबवलं.

"मिल रोडची टवाळी चाललीय म्हणे."

"नाही, कोच."

"मग सिस्टर हॅटीला बघून ती पोरं दात का काढतात? कुणी शिकवलं त्यांना?"

त्यानं हातातला चेंडू फळीवर ठेवला.

"त्या बाईनं तुझ्या आजोबांच्या मयताला अख्ख्या गल्लीचं जेवण रांधलं होतं. हसवण्यासाठी तुला तीच सापडली?"

"तुम्हाला माहीत नसलेलं बरं, कोच."

हे मला! ज्यानं त्याला चेंडू धरायला शिकवला त्याला! मी म्हणालो, "मी तुला क्वार्टरबॅक समजत होतो. स्टब्ज बरोबर म्हणत होते, डोकं लागतं." बोलल्या क्षणी जीभ चावली, पण शब्द काय परत येतात थोडेच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो, सर," म्हणाला आणि गेला. आजवर मला कधी 'सर' म्हणाला नव्हता, 'कोच' म्हणायचा.

घरी अर्लीननं सगळं ऐकून घेतलं आणि ताट माझ्यासमोर जरा जोरातच ठेवलं. "वेंडेल गेन्स, तू भूमितीत हुशार आहेस. देवानं सगळं एकालाच कसं द्यावं!"

११ नोव्हेंबर, बुधवार

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहायला काही नव्हतं. ओडेल येतो, खेळतो, 'हो सर' म्हणतो, जातो.

शुक्रवारी शेवटचा सामना, मार्बरीशी. उत्तरेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस येणार आहे, मिस्टर नोव्हाक. ओडेलला त्यांच्या संघासाठी बघायला येतोय. आणि आज स्टब्जनी सांगितलं, ड्वाइटचं मनगट बरं झालं, सुरुवात तो करेल, ओडेल टोकाला.

मी या वेळी गप्प बसलो नाही. "कोच, त्या माणसानं याला टोकाला पाहिलं तर हा जन्मभर टोकालाच राहील. आपल्याकडची अशी दहा पोरं मी पाहिलीत. क्वार्टरबॅक म्हणून जातात आणि पहिल्याच दिवशी त्यांना पळायला लावतात."

स्टब्ज खिडकीबाहेर बघत होते. "मला हे मैदान, हे दिवे, ही नोकरी लागते, वेंडेल. मला तीन मुली आहेत."

"मिस ओरा लीला एक नातू आहे."

मीच दार लावून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

नीट क्रमानं लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

मार्बरी तगडे. पहिल्या अर्ध्यात ड्वाइटनं दोनदा चेंडू गमावला. तेरा-शून्य मागे. छपराखालच्या खोलीत नोव्हाक बसले होते. फळ्यांतून त्यांचा आवाज आला, "तो टोकाचा पोरगा पळतो बरा."

मध्यंतरानंतर ड्वाइट स्टब्जजवळ गेला आणि मनगट धरून मान हलवली. दुखत असावं. बुधवारी मात्र तो त्याच हातानं गाडीचा जॅक उचलत होता. असो. बापानं बाकामागून आरडाओरडा केला, पोरानं वळून पाहिलं नाही. ओडेल क्वार्टरबॅकला आला.

तेरा-सात झालं. मी वरून भराभर सांगत होतो आणि स्टब्ज ऐकत होते. आणि चौथ्या भागाच्या तोंडावर फोनच बंद! हॅलो हॅलो करून घसा सुकला. खाली पाहिलं तर त्या ड्वाइटचा पाय वायरीत अडकला होता. बाकाला टेकून नुसतं उभं राहायचं काम होतं पोराला, तेही जमेना. वायर मुळापासून उपटली. मैदानावर ज्याचा पाय कधी घसरला नाही तो नेमका इथे धडपडला. मोसमभर त्या फोनला चिकटून बसलो आणि ऐन वेळी मी बिनकामाचा. छपरावर एक म्हातारा, मांडीवर मुका फोन.

शेवटची चाळीस सेकंदं. गुणरेषा तीस यार्डांवर. स्टब्जनी एकाच्या कानात सांगितलं, तो धावत आत गेला, निरोप दिला. घोळक्यात ओडेल खाली वाकून काहीतरी बोलला. सगळ्यांची डोकी एकदम वर आली, आणि काय सांगू, सगळी हसत होती. काळी, गोरी, सगळी. मला वाटलं, हरताना हसताहेत.

चेंडू ओडेलच्या हातात आला. अख्खा संघ उजवीकडे धावला. मार्बरीचे सगळे उजवीकडे सरकले, अगदी जागा करून दिल्यासारखे. आणि डावीकडे, खिडकीच्या बाजूला, तो लाल केसांचा हचिन्स रमतगमत चालला होता, वाटेत कुणाशी तरी हात मिळवत असल्यासारखा.

मी खुर्चीवरून उठलो. छपरावर एकटाच मोठ्यानं ओरडलो, "सरका रे, सिस्टर हॅटी येतेय!"

ओडेल धावतोय, धावतोय. मनात म्हणत होतो, आता. नाही, अजून नाही. आता! तो माझ्या 'आता'च्या नंतर थांबला, आणि त्याचंच बरोबर होतं. माझ्या वेळेला थांबला असता तर मार्बरीचा मागचा माणूस पोचला असता. तो मला वरून दिसला नव्हता, त्याला खालून दिसला. वळला आणि फेकला. चेंडू हचिन्सच्या हातात पडला तेव्हा त्याच्या दहा यार्डांत कुणी नव्हतं. पुढचा एक गुणही मिळाला. चौदा-तेरा.

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. मिल रोडला कुलूप लागलं त्या दिवशी डोळ्यांत थेंब आला नव्हता, तोही काल आला.

त्यांनी टवाळी केली नव्हती. ती पोरं डाव पाठ करत होती. मिल रोडच्या मैदानात रविवारी दिसलेले टायरचे माग त्यांचेच.

१५ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

चर्चमध्ये सिस्टर हॅटीनं मला गाठलं. "वेंडेल, परवा सामन्यानंतर एका लाल केसांच्या पोरानं मला मिठी मारली. म्हणे, आपण जिंकलो. मी काय केलं रे?"

बावीस वर्षांनी सांगून टाकलं. तिनं छत्री उचलली, मला वाटलं, आता पाठीत बसतेय. पण ती टेकवून उभी राहिली. "मी काही कुणाला फसवत नाही हं. उजवीकडे दाराचा वारा लागतो. पण सगळ्यांना भेटल्याशिवाय कसं बसायचं?"

दुपारी स्टब्जच्या वर्गात सामन्याची फिल्म पाहिली. मी, स्टब्ज आणि नोव्हाक. शेवटचा डाव नोव्हाकनी चार वेळा उलटसुलट करून पाहिला. मग दिवा लावायला सांगितला.

"पळणारे माझ्याकडे ढिगानं आहेत," ते म्हणाले. "मला एकच सांगा. हे कुणी ठरवलं? तुम्ही सांगितलं असेल, कोच स्टब्ज, तर पोराला मी टोकाला नेतो, खुशीनं नेतो. त्यानं ठरवलं असेल तर आपण वेगळं बोलू."

यंत्राचं रीळ नुसतंच टकटकत फिरत होतं. स्टब्ज माझ्याकडे वळले. "वेंडेल, फोनवरून तू काही सांगितलं होतंस?"

"फोन बंद होता, कोच. चौथ्या भागापासून. टॅलमेजच्या पोराचा पाय अडकला."

"म्हणजे तुझं बोट यात नाही."

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छ होता तरी पुसला. "मी सरळ घुसायला सांगितलं होतं, मिस्टर नोव्हाक. घुसलो असतो तर हरलो असतो. पोरानं ठरवलं. आणि सप्टेंबरातही एकदा त्यानंच ठरवलं होतं, तेव्हा मी ते मान्य केलं नाही." मग मला म्हणाले, "कोच, तुम्हीच सांगा यांना, हा डाव काय आहे."

मी सांगितलं. नोव्हाक पोट धरून हसले. ओडेलला पत्र पाठवणार आहेत. पत्रात 'क्वार्टरबॅक' असंच लिहा, असं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "लिहून घेतलंय हो." दाराशी स्टब्ज म्हणाले, "उद्या तुमची ती वही घेऊन या. आकडे माझ्याही लक्षात राहत नाहीत."

तिथून थेट मिस ओरा लीकडे गेलो. ओडेल ओसरीवर आजीचे पाय चेपत होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोललो ते चुकीचं होतं. डोकं नाही म्हणालो. माझंच नव्हतं. मला माफ कर." अशी वाक्यं मी कधी कुणाला बोललेलो नाही, त्यामुळे एकामागून एक नीट आली नाहीत.

तो म्हणाला, "कोच, फोन बंद होता ना?"

"होता."

"मग झालं तर."

मी हचिन्सचं, रविवारच्या सरावाचं विचारत होतो आणि याला फोनचं पडलं होतं. घरी अर्लीनला म्हटलं, त्या ड्वाइटच्या धांदरटपणामुळे शेवटी मी नुसता बघ्या राहिलो. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिला काय एवढं हसू आलं कोण जाणे.

मग वही शोधायला लागलो, उद्या न्यायची म्हणून. अर्लीननं एप्रनला हात पुसले आणि पिठाच्या डब्यामागून काढून दिली. "ऑगस्टपासून ओडेलकडे होती. काल परत दिली त्यानं."

नाडी तीच. पण आत माझ्या आकृत्यांच्या कडेला कुणाकुणाची अक्षरं. मिसेस व्हर्ननपाशी कुणीतरी लिहिलंय, 'पर्स केवढी?' डीकन प्रॉक्टरपाशी, 'माझे आजोबाही असेच.' सिस्टर हॅटीच्या पानावर इतके चिखलाचे अंगठे आहेत की आकृती जेमतेम दिसते.

शेवटचं पान मी कोरं सोडलं होतं. त्यावर ओडेलच्या अक्षरात एक नवा डाव आहे. वर नाव, 'कोच गेन्स'. खाली लिहिलंय:

'हा सगळ्यांपासून लांब, उंच उभा राहतो. समोरचे त्याला मोजत नाहीत. त्याला सगळं दिसतं. काहीही झालं तरी त्याच्यावर कुणाला पडू द्यायचं नाही.'

आकृतीत एक अंतर चुकलंय. दहा यार्ड लिहिलंय, बारा हवं. मी पेन्सिल उचलली, आणि खाली ठेवली.